मोरीचा दावा

नरकचतुर्दशीच्या पहाटे मराठी घरांतून ज्या एका जागेची वर्षातून एकदा कसून परीक्षा होते, ती जागा म्हणजे न्हाणीघर. एरवी चार तांब्यांत आंघोळ उरकणारी माणसे त्या दिवशी तेल, उटणे, कढत पाणी असा सगळा थाट मांडतात. घरात पाहुणे असतात, एकामागून एक आंघोळी चालू असतात, आणि चौथ्या आंघोळीला पाणी घोट्यापर्यंत चढते. मोरी तुंबलेली असते. नाहीतर पलीकडच्या खोलीत, दसऱ्यालाच रंग दिलेल्या भिंतीवर, ओलीचा एक नकाशा हळूहळू उमटू लागतो. मग घरातील कर्ता पुरुष दात आवळून एक नाव घेतो. ते नाव देवाचे नसते. गेल्या उन्हाळ्यात ज्याने हे काम केले त्या मिस्त्रीचे असते.

वाचकहो, हे भांडण फार जुने आहे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तहांची कलमे असतात, लढायांच्या तारखा असतात. पण काम करवून घेणारा आणि काम करणारा यांच्यातील या रोजच्या लढाईला तेथे ओसरीवरही जागा मिळत नाही. कायदे करणाऱ्यांना मात्र तिच्याकडे कानाडोळा करता आला नाही. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या राज्यकर्त्यांनी तिच्यावर तोडगे काढले. काही शहाणपणाचे, काही निव्वळ क्रौर्याचे. त्या तोडग्यांची ही कहाणी आहे. तिची सुरुवात आणि तिचा शेवट मी आमच्या चांदा मुलखातच करणार आहे. चांदा म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा निघालेला गडचिरोली जिल्हा.

चांदा शहराची दंतकथाच मुळी एका स्नानाची आहे. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याच्या अंगभर गाठी उठल्या होत्या आणि कोणाच्याच औषधाला गुण येत नव्हता. एकदा शिकारीला गेला असता त्याला तहान लागली. झरपट नदीचे पात्र कोरडे पडलेले. पण एका खळग्यात थोडे पाणी सापडले. राजा ते पाणी प्याला, त्याने हात, पाय, तोंड धुतले, आणि त्या रात्री त्याला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. सकाळी पाहतो तो गाठी बसू लागलेल्या! पुढे त्या जागी अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले आणि त्या परिसरात राजधानी वसली. कथेतला चमत्कार बाजूला ठेवा. मला तिच्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. या कथेत स्नान आहे, पण न्हाणीघर नाही. खळगा निसर्गाचा, उतार नदीचा आणि निचरा वाळूचा. तक्रार कोणाकडे करावी असा माणूसच तेथे नाही. पाणी जेव्हा माणसाने अडवले आणि वळवले, तेव्हाच कारागीर आला, आणि त्याच्यामागून भांडण आले.

गोंड राजांच्या मुलखात पाणी अडवणारे नामांकित कारागीर म्हणजे कोहळी. जातींची पाहणी करणाऱ्या इंग्रजी काळातील ग्रंथकारांनी यांची परंपरा नोंदवून ठेवली आहे: चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेला गेला असता तेथून त्याने या लोकांना बरोबर आणले. वैनगंगेच्या खोऱ्यात, चांदा आणि भंडारा या दोन्ही जिल्ह्यांत, त्यांनी तलाव बांधले आणि त्यांच्या पाण्यावर भात व ऊस पिकवला. राजाने त्यांच्याशी केलेला करार परंपरेने असा सांगितला जातो: जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाच्या पाण्याने जेवढी जमीन भिजेल तेवढी जमीन मिळेल.

या एका वाक्यात केवढा मुत्सद्दीपणा आहे, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी न्हाणीघर बांधवून घेतले असेल त्यालाच नीट कळेल. राजाने रोजंदारी ठरवली नाही, उक्ते काम दिले नाही, इसारही दिला नाही. पाळ कशी घालावी, दगड किती लावावा, सांडवा कोठे काढावा, याची एक ओळही त्याने लिहून दिली नाही. त्याने फक्त परिणामाचे दाम ठरवले. पाळ फुटली तर जमीन भिजणार नाही. जमीन भिजली नाही तर मोबदला नाही. शिवाय जो बांधणार त्यालाच, आणि त्याच्या नातवंडांनाही, त्याच पाळीखाली राहावयाचे. आपल्या भाषेत तलावाच्या पाळीतून पाणी सोडण्याच्या वाटेलाही मोरीच म्हणतात. त्या मोरीचे काम करणारा आणि त्या मोरीचे पाणी वापरणारा हे दोघे एकच होते. मग दावा कोण कोणावर लावणार?

परंतु प्रत्येक घरमालकाला गोंड राजाप्रमाणे जमीन वाटता येत नाही. जेथे काम करणारा एक आणि ते वापरणारा दुसरा, तेथे काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे. जगातील अगदी जुन्या कायद्यांपैकी एकाने त्याचे उत्तर पाषाणावर कोरून ठेवले आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १७५० च्या आसपास बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने जे कायदे कोरविले, त्यांत घर बांधणाऱ्यांविषयी पाच-सहा कलमे आहेत. कच्च्या बांधणीमुळे घर कोसळून मालक मेला, तर बांधणाऱ्याला देहान्त! हे वाचून अंगावर काटा येतो. पण त्याच्याच पुढे एक साधे, व्यवहारी कलम आहे, आणि ते आजही कोणत्याही घरमालकाने मान डोलवावी असे आहे: भिंत ढळली तर बांधणाऱ्याने ती स्वतःच्या पैशाने पक्की करून द्यावी. पैसे परत नकोत, शिक्षाही नको. काम नीट करून दे. हा काळा शिलास्तंभ १९०१ साली इराणातील सूसा येथे उत्खननात सापडला, आणि आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात उभा आहे.

आपल्याकडे कौटिल्याने हा विषय अर्थशास्त्राच्या 'कंटकशोधन' नावाच्या अधिकरणात घेतला आहे. कंटकशोधन म्हणजे राज्यातील काटे काढणे; आणि पहिला काटा कोणता, तर कारागीर! त्या अधिकरणाच्या पहिल्याच अध्यायाचे नाव 'कारुकरक्षण', म्हणजे कारागिरांपासून प्रजेचे रक्षण. त्यात नियम असा की काम कोठे, केव्हा आणि कोणते करावयाचे हे आधी ठरलेले असावे. वेळ चुकवली तर मजुरीचा चौथा हिस्सा कापावा आणि त्याच्या दुप्पट दंड घ्यावा. सांगितले एक आणि केले भलतेच, तर सगळी मजुरी बुडावी, शिवाय तिच्या दुप्पट दंड. परिटाने कपडे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावरच धुवावे, इतक्या बारकाव्यापर्यंत कौटिल्य जातो. मात्र एक सूट तो देतो: अस्मानी संकटाने नुकसान झाले, तर त्याचा भार कारागिरावर नाही. हा ग्रंथ कित्येक शतके दृष्टीआड होता. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली तो छापून प्रसिद्ध केला, तेव्हा पंडितांनी त्यात राजनीती शोधली. गृहस्थाश्रमी माणसाने हा एक अध्यायही वाचावा. बावीसशे वर्षांत मिस्त्री बदलला नाही आणि मालकही बदलला नाही, असे समाधान तरी त्याला मिळेल.

महाराष्ट्राच्या गावगाड्याने हम्मुराबीचा दंड आणि कौटिल्याचा हिशेब या दोहोंनाही बगल देऊन आपली एक रीत घातली होती. ती म्हणजे बलुते. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट ही मंडळी वर्षभर गावाचे काम करीत आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा घेत. थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन काशी असत, आणि ज्याची कास थोरली त्याचे माप मोठे. औत मोडले तर सुताराला बोलावणे पाठवावयाचे. त्याने 'हे माझे काम नाही' म्हणावयाचे नाही. कामात कुचराई झाली तर ती खळ्यावर माप पडताना चारचौघांत निघे. पण या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवू नये. बलुतेदाराला गाव सोडण्याची मोकळीक नव्हती, दर ठरविण्याची नव्हती, आणि जातीने दिलेले काम नाकारण्याचीही नव्हती. मालकाची सोय त्यात होती. कारागिराचे स्वातंत्र्य नव्हते. भांडण मिटले होते खरे, पण ते एका पक्षाचे तोंड बंद करून.

आता नळाकडे वळू. कारण भिंत ढळली तर दिसते, औत मोडले तर दिसते. नळ मात्र दिसत नाही. आणि झाकलेल्या कामाचे भांडण हे उघड्या कामाच्या भांडणाहून निराळे असते. रोमन लोकांनी आपल्या राजधानीत मैलोन् मैल पाणी आणले. इसवी सन ९७ मध्ये फ्रॉन्टिनस नावाचा अनुभवी अधिकारी या पाण्याचा मुख्य व्यवस्थापक नेमला गेला. त्याने नळांची मोजदाद केली, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की मंजूर मापापेक्षा मोठ्या तोट्या बसविल्या गेल्या आहेत, आणि पाणीखात्याचेच कामगार रस्त्याखालच्या नळांना चोरून भोके पाडून वाटेतल्या वाटेत पाणी विकत आहेत. त्याचा पाणीपुरवठ्यावरचा ग्रंथ आजही उपलब्ध आहे. रोमन नळ शिशाचे असत. शिशाला लॅटिनमध्ये 'प्लंबम' म्हणतात. त्यावरून शिशाचे काम करणारा तो प्लंबर. भिंत सरळ आहे की नाही हे पाहण्याच्या ओळंब्यालाही इंग्रजांनी याच शिशावरून नाव दिले. काम सरळ आहे की वाकडे हे दाखविणारे साधन आणि ते झाकून टाकणारा कारागीर हे दोघे एकाच शब्दाच्या पोटचे निघावेत, ही मोठी मौज आहे.

झाकलेल्या नळाचे काम आपल्याकडेही उत्तम होत असे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादेला आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर आणली. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी पुण्यात खेळविले. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आढळते. जमिनीखालच्या वाटेवर मधून मधून वर डोकावणारी बांधकामे ठेवलेली आहेत. पुण्यात त्यांना 'उच्छ्वास' म्हणतात. किती सुरेख नाव! कोंडलेली हवा तेथून बाहेर पडते, आणि आत काय चालले आहे ते माणसाला तेथून पाहता येते. त्या कारागिरांना ठाऊक होते की जे काम झाकावयाचे, त्याला तपासणीची खिडकी ठेवलीच पाहिजे. आजच्या आपल्या न्हाणीघरात नेमकी हीच खिडकी बुजलेली असते.

इंग्रजी अमदानी आली आणि भांडण न्यायालयात गेले. १८५९ साली कलकत्त्याच्या व्यापारी साहेबांच्या तक्रारीवरून एक कायदा झाला. कारागीर, कामगार किंवा मजूर याने कामासाठी उचल घेतली आणि जाणूनबुजून काम केले नाही, तर मालकाने दिवाणी दाव्याच्या भानगडीत न पडता थेट मॅजिस्ट्रेटकडे जावे. मॅजिस्ट्रेटने पैसे परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा हुकूम द्यावा. तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. कायदा प्रथम कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांपुरता होता. पण प्रांतिक सरकारांना तो आपापल्या मुलखात लागू करण्याची मोकळीक होती, आणि पुढे मळ्यांच्या मालकांनी मजुरांना जखडून ठेवण्यासाठी त्याचा मनमुराद वापर केला. दोन माणसांतील कराराचा भंग हा एकाच्या बाबतीत गुन्हा ठरला आणि दुसऱ्याच्या बाबतीत नाही! मजूर उचल घेऊन पळाला तर तुरुंग. मालकाने मजुरी बुडवली तर मजुराने खुशाल दिवाणी दावा लावावा. हा कायदा रद्द करणारा कायदा १९२५ साली झाला. सासष्ट वर्षे तो या देशात नांदला. आणि विशेष असे की पळून जाणाऱ्यासाठी त्यात छडी होती, पण काम वाईट करणाऱ्याबद्दल त्यात काहीच नव्हते. ज्याची मोरी तुंबली त्याला त्याचा तिळमात्र उपयोग नव्हता.

त्याच्या उपयोगाची गोष्ट १८७२ च्या करार कायद्यात आली. त्याचे त्र्याहत्तरावे कलम नुकसानभरपाईचे आहे. कायदा करणाऱ्यांनी कलमाखाली उदाहरणे दिली आहेत, आणि त्यांतले एक जणू आपल्या घरातच घडलेले आहे. एकाने दुसऱ्याचे घर विशिष्ट रीतीने दुरुस्त करून देण्याचे कबूल केले, पैसे आगाऊ घेतले, दुरुस्तीही केली. पण ठरल्याप्रमाणे केली नाही. तर ती ठरल्याप्रमाणे करून घेण्यास जो खर्च येईल तो मालकाला मिळाला पाहिजे. हम्मुराबीचे ढळलेल्या भिंतीचे कलमच पुन्हा नव्या वेषात अवतरले म्हणावयाचे! त्याच कलमाने मालकालाही एक कानपिचकी दिली आहे: नुकसान आवरण्याचे उपाय हाताशी असतील, तर भरपाई ठरविताना तेही विचारात घेतले जातील. ओल दिसत असताना वर्षभर स्वस्थ बसून, छत खाली आल्यावर सगळ्या छताचे पैसे मागता येणार नाहीत. कायदा चांगला होता. पण दोनशे रुपयांच्या गळतीसाठी वकील कोण करणार? तेव्हा बहुतेक गळत्या कायद्याच्या पोथीबाहेरच गळत राहिल्या.

मध्यंतरी न्हाणीघर बदलले. शहाबादी फरशीची उघडी मोरी, शेजारी घंगाळ आणि तांब्याचा बंब, भिंतीवरून उघडाच गेलेला लोखंडी नळ, असा जो सरंजाम होता, त्यात सगळे डोळ्यांसमोर असे. सांध्यावर सफेदा आणि सुतळी गुंडाळलेली दिसे. थेंब कोठून पडतो हे घरातले पोरही सांगे. आता नळ भिंतीत गेले आणि भिंतीवर गुळगुळीत टाइल आल्या. दिसण्याला शोभा आली, पण पाहण्याची सोय गेली. त्यात एका न्हाणीघरात तीन कारागिरांचे हात लागतात. ओल दिसली की नळवाला म्हणतो, गवंड्याने उतार चुकवला. गवंडी म्हणतो, फरशीवाल्याने सांधे भरले नाहीत. फरशीवाला म्हणतो, नळच गळतो आहे. तिघांपैकी कोण खरे बोलतो हे पाहावयाचे तर फरशी फोडावी लागते, आणि फरशी फोडली की तिचा खर्च कोणाचा, हे चौथे भांडण सुरू होते.

आणि चंद्रपूरचे हवामान या भांडणात स्वतःचा एक पक्षकार आहे. मे महिन्यात येथे पारा ४७ अंशांपर्यंत चढतो. गच्चीवर उन्हात पडलेला प्लास्टिकचा नळ तापून लांबतो आणि थंडीत आखडतो. चाळीस अंशांच्या फरकाला दहा मीटर लांबीचा असा नळ सुमारे अडीच सेंटिमीटर लांबतो. कारागिराने या वाढीला जागा ठेवली नाही आणि नळ दोन्ही टोकांना आवळून बसवला, तर सांधा सुटणारच. भर उन्हाने असला नळ पुढे ठिसूळही होतो. बोअरच्या जड पाण्याचा क्षार तोट्यांत साचतो तो निराळाच. तेव्हा प्रत्येक गळती म्हणजे लबाडी असे मानण्याचे कारण नाही. कौटिल्याने दिलेली सूट लक्षात ठेवावी. मात्र ज्या मुलखात काम करावयाचे त्या मुलखाचे ऊन ठाऊक असणे हा कारागिरीचाच भाग आहे. तेवढे दैवावर ढकलता येणार नाही.

दोनशे रुपयांच्या गळतीला न्यायाचे दार उघडले ते १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने. महाराष्ट्रात त्याची जमीन आधीच नांगरली गेली होती. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४-७५ च्या सुमारास ग्राहक पंचायतीचे काम उभे राहिले होते. कायद्याने मालाप्रमाणे सेवेचाही समावेश केला, आणि घरबांधणी ही सेवाच आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले. मग २०१९ चा नवा कायदा आला. आता तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. सामनेवाल्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. मध्यस्थीने मिटविण्याची सोय आहे. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत व्हावी लागते. हे सारे चांगलेच आहे. पण आयोगापुढे पहिला प्रश्न येतो तो पावतीचा. आणि आपण तर 'पावती कशाला, घरचाच माणूस आहे' असे म्हणून काम दिलेले असते! तोंडी ठरलेले काम, हाती दिलेले पैसे आणि टाइलखाली गेलेला पुरावा, एवढ्या भांडवलावर कोणता न्यायाधीश निकाल देणार?

आता गडचिरोलीच्या टोकाला जाऊ. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो. जिल्ह्याचे ठिकाण तेथून दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि पात्र कुटुंबाला संडासासाठी १२,००० रुपये मिळू लागले. या योजनेतला शोषखड्ड्यांचा संडास फार हुशारीने आखलेला आहे. खड्डे दोन, एक भरला की मैला दुसऱ्यात वळवावयाचा आणि पहिल्यातल्याचे खत होऊ द्यावयाचे. भांड्याखालच्या वाकात दोन सेंटिमीटर पाणी उभे राहते, तेवढ्याने वास अडतो. खड्ड्याच्या विटांत फटी ठेवावयाच्या, म्हणजे पाणी जमिनीत मुरते. पण एखाद्या उत्साही कारागिराने 'मजबुती'साठी त्या फटी सिमेंटने बुजवल्या, की शोषखड्ड्याचे टाके होते आणि ते लवकरच भरून वाहू लागते. दोन खड्ड्यांमधला वळता चौक केला नाही, की दुसरा खड्डा नुसता शोभेला राहतो. वाकाचा उतार चुकला, की दोन तांब्यांत होणारे काम बादलीवर जाते. आणि जेथे पाणी हातपंपावरून डोक्यावर आणावयाचे, तेथे घरची बाई असल्या संडासात सरपण रचून ठेवते. लोक तिला अडाणी म्हणतात. वास्तविक तिने त्या कामाचा केलेला तो निवाडाच असतो. तिच्या गावाहून ठेकेदार केव्हाच निघून गेलेला असतो, आणि पूर आलेल्या नदीपलीकडे नोटीस बजावण्याइतके तिचे पाठबळ नसते.

चुकलेल्या नळकामाचा सगळ्यांत महागडा भुर्दंड मात्र मालकही भरत नाही आणि मिस्त्रीही भरत नाही. तुंबलेले टाके उपसायला जो माणूस उतरतो, तो तो भरतो. वरून स्वच्छ दिसणाऱ्या टाक्यात विषारी वायू साचलेला असतो, आणि दोन श्वासांत माणूस जातो. अशा रीतीने माणसाला टाक्यात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी घातली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपयांवर नेली. ज्या जातींवर हे काम पिढ्यान् पिढ्या लादले गेले, त्यांच्यावरच हा भुर्दंड आजही पडतो. बलुत्याच्या काळी कारागिराला 'नाही' म्हणता येत नव्हते. टाक्याच्या काठावर पोटासाठी उभ्या असलेल्या माणसाला ते आज तरी कितीसे म्हणता येते? मोरीच्या भांडणात आपण दोनच पक्षकार धरतो. हा तिसरा पक्षकार आपल्या दाव्यात कधी हजरच नसतो.

एवढ्या लांबलचक इतिहासातून घरी नेण्यासारखे काय आहे? देहान्ताने गळती थांबली नाही, तुरुंगाने थांबली नाही, आणि बेडी घातलेल्या बलुतेदाराकडून मिळालेली शांती ही शांती नव्हती. काम टिकले ते जेथे करणाऱ्याचे हित कामाबरोबर पुढेही बांधलेले राहिले तेथे, आणि जेथे झाकण्याआधी ते पाहिले गेले तेथे. कोहळ्याची जमीन आणि कात्रजचा उच्छ्वास, या दोन युक्त्या आजही कोणत्याही घरात करता येतात. काय करावयाचे ते एका कागदावर लिहावे, आणि दोघांनी सही करावी. भिंत बुजवण्याआधी नळांत पाणी भरून सांधे कोरडे राहतात का ते दोघांनी मिळून पाहावे, आणि त्या उघड्या भिंतीचे छायाचित्र काढून ठेवावे. फरशी बसल्यावर जाळी बंद करून न्हाणीत दोन बोटे पाणी चोवीस तास उभे ठेवावे, आणि खालच्या छताकडे नजर ठेवावी. मजुरीचा एक हिस्सा एका पावसाळ्यानंतर देण्याचे आधीच ठरवावे. आणि पावसाळा कोरडा गेला, तर तो हिस्सा मागण्याची वाट न पाहता स्वतः नेऊन द्यावा. मिस्त्री बोलावल्यावर येत नाही, ही तक्रार आपण नेहमी करतो. राहिलेले पैसे द्यायला मालकही पुष्कळदा घरी नसतो, हे त्याच्या बाजूचे गाऱ्हाणे आहे आणि तेही तितकेच जुने आहे.

चांद्याच्या मुलखातील ते जुने तलाव आजही आहेत. १९५० च्या दशकाच्या आरंभी, हा भाग मध्य प्रदेशात असताना, मालगुजारी संपली आणि तलाव सरकारच्या खात्यात जमा झाले. कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी तलाव' झाले, आणि लोकांनी त्यातली आद्याक्षरे जोडून त्यांना 'मामा तलाव' म्हणावयास सुरुवात केली. जमीनदारी गेली हे न्याय्यच झाले. पण पाळ कोणी सांभाळावयाची, मोरीतला गाळ कोणी काढावयाचा, हे ठरावयाचे राहून गेले, आणि कित्येक मामा गाळाने भरून गेले. अलीकडे काही गावांनी एकत्र येऊन आपल्या तलावांचा गाळ उपसला आहे, पाळी नीट केल्या आहेत. तेथे कोणी कोणावर दावा लावलेला नाही. ज्यांचे भात त्या पाण्यावर पिकते, तेच फावडी घेऊन उतरले, एवढेच.